चाळकऱ्याचा शेजार

“नाव काय याचं?”

तोरसकर बाईंनी विचारलं तेव्हा बादलीवरचं ओलं फडकं अजून पुरतं निघालंही नव्हतं.

“चाळकरी,” वल्लरी म्हणाली.

“बघून सांग.”

“बघूनच सांगतेय.”

हे तितकंसं खरं नव्हतं. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, त्यातली वल्लरीची गत. तिच्या तोंडात उत्तर आधी तयार असे, प्रश्न मागून येई. पण बाईंनी भुवई उंचावली तशी ती खाली वाकली, भिंग लावलं, आणि या वेळी मात्र खरंच बघितलं.

बादलीत प्रवाळाचा एक तुकडा होता. तळहाताएवढा, मातकट हिरवा. एका अंगाला ताजी तुटलेली कड.

बंदराच्या धक्क्यासाठी यंत्रं लावून समुद्राचा तळ उपसला, त्यात पाण्याखालच्या खडकांचं एक अख्खं खडप भुगा होऊन गेलं होतं. त्या खडपावरचं जिवंत असं एवढंच हाती लागलं होतं. वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन ते इथे, सागरशाळेत आणलं होतं. हा तुकडा गेला की त्या खडपाची आठवणसुद्धा उरणार नव्हती.

“समाईक भिंती आहेत,” वल्लरी म्हणाली. “दोन घरांत मिळून एकच भिंत. मध्ये बोळ नाही. चाळकरी.”

“बरं.”

“बरं म्हणजे बरोबर का?”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “जागा?”

इथे थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी वाटेल.

तोरसकर बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्या त्या खाडीच्या तोंडाशी येऊन राहिल्या आणि तिथे त्यांनी एक मोठी काचेची टाकी उभी केली. समुद्राचं पाणी, वर दिवे, आत धार सोडणारे पंप, आणि मोडक्या खडपांवरून वाचवून आणलेले प्रवाळ. शिकायला मुलं येत, वर्ष-दोन वर्षं राहत, जात. बाईंना कुणी मॅडम म्हटलेलं चालत नसे. बाई म्हणायचं.

प्रवाळ म्हणजे एक जीव नव्हे. बारीक बारीक जिवांची ती वस्ती असते आणि ज्याने त्याने आपल्याभोवती चुन्याचं घर बांधलेलं असतं. काही जातींत शेजारच्या दोन घरांना मिळून एकच भिंत असते. त्यांना बाई चाळकरी म्हणत. काहींत ज्याची भिंत त्याला, आणि दोन भिंतींच्या मध्ये अरुंद बोळ. ते बंगलेवाले. पुस्तकात ही नावं सापडायची नाहीत, पण टाकीपाशी ती पक्की होती.

कारण प्रत्येक प्रवाळाची एक पाटी होती. शाळेतली, लाकडी चौकटीची. काचेच्या वरच्या पट्टीवर खिळ्याला टांगलेली. तिच्यावर खडूने नाव.

आणि पाटीचा एक नेम होता. ज्याने नाव लिहिलं त्यानेच जागा ठरवायची. उजेड किती, धार किती, शेजार कुणाचा, हे सगळं नावावरूनच कळतं. पुढे जागा बदलावीशी वाटली तर आधी नाव पुसायचं, तेही चारचौघांसमोर. नाव तेच ठेवून जागा बदलायची नाही.

“जागा फसली म्हणजे तुला नाव कळलंच नव्हतं,” बाई म्हणत. “मग पाटीवर ते कशाला मिरवतेस?”

सागरशाळेत बाबावाक्य नव्हतं, बाईवाक्य होतं. प्रमाण मात्र तितकंच.

“जागा मधल्या खडकावर,” वल्लरी म्हणाली. “तुमच्या चाळकऱ्याला लागून.”

“लागून?”

“जातीचं जातीला डसत नाही, परजातीला डसतं. तुम्हीच शिकवलंत.”

बाईंनी टाकीकडे पाहिलं. मधल्या खडकावर त्यांचा स्वतःचा चाळकरी बसला होता. वीस-एक वर्षांपूर्वी त्यांनी तो एस.टी.त मांडीवर बादली धरून आणला होता. तेव्हा तो पुरीएवढा होता, आता ताटाएवढा झाला होता. गुबगुबीत, फुगलेला, ऐटीत. त्याच्या पाटीवरचं अक्षर बाईंचं होतं. खडू पुसट झाला की बाई तीच अक्षरं पुन्हा गिरवत. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. कुणी लावतही नव्हतं.

“शिकवलंय खरं,” बाई म्हणाल्या. “ठेव.”

वल्लरीने नव्या पाटीवर नाव लिहिलं, ठळक, आणि बाही वर सारून तुकडा खडकावर बसवला. दोघांच्या मध्ये बोटभर फट राहिली. ती मागे सरली आणि काचेतून बघत राहिली. एकाच घरातली दोघं वाटतात, असं तिच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं.

हे बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही.

नव्या तुकड्याची एक कड पांढरी पडू लागली. तुटलेली नव्हे, दुसरी. जुन्याकडे तोंड असलेली.

“वाटेत घासला असात,” मेस्त्री म्हणाला.

हरी मेस्त्री बाईंचा सगळ्यात जुना शिष्य. शिकायला आला आणि राहिला तो राहिलाच. पंप, दिवे, पाणी बदलणं, सगळं त्याच्याकडे. बाईंचा शब्द त्याने आजवर खाली पडू दिला नव्हता आणि याचा त्याला अभिमान होता.

“घासलं असतं तर पहिल्या दिवशी दिसलं असतं,” वल्लरी म्हणाली. “आणि रोज वाढलं नसतं.”

ती बाईंकडे गेली. बाई ओट्यावर बसून कोळंबी बारीक चिरत होत्या, प्रवाळांच्या खाऊसाठी.

“बाई, नवा तुकडा मरतोय.”

“नाव चुकलं का?”

“नाही.”

“मग जागा चुकलेली नाही.”

“जागा चुकलीय.”

“मग नाव पूस.”

“नाव बरोबर आहे.”

बाईंची सुरी थांबली. “दोन्ही कसं असेल?”

“ते मला माहीत नाही. पण आहे.”

“तू भांडायला आलीस की विचारायला?”

“विचारायला आले होते,” वल्लरी म्हणाली. “आता भांडतेय.”

बाईंची सुरी पुन्हा चालू झाली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती पंचाईत होती. नाव पुसावं तर खऱ्याला खोटं म्हटल्यासारखं. न पुसावं तर तुकडा जागेवरच पांढरा होऊन संपणार.

मेस्त्री तिच्या मागोमाग बाहेर आला. दारापाशी हळूच म्हणाला, “पुसून टाक गो. काय जाता? तुकडो हलव. मगे चार दिसांनी परत लिव तांच नाव.”

“म्हणजे खोटं पुसायचं आणि खरं लिहायचं?”

“पुसूक काय लागता?”

“काही लागत नाही. म्हणूनच नको.”

“मग गुपचूप हलव. मी बघलंय नाय.”

वल्लरीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येईतो राग होऊन आलं.

“चोरून हलवला तर हा जगेल,” ती म्हणाली. “उद्या दुसरा चाळकरी येईल. तो आणणारा पाटी वाचील आणि त्याला नेमका तिथेच नेऊन ठेवील. तुम्हीसुद्धा ठेवाल.”

“बाईंची पाटी आसा ती,” मेस्त्री म्हणाला. त्याच्या लेखी एवढ्याने सगळं संपत होतं.

वल्लरीच्या लेखी तिथेच सुरू झालं. आपण आत्ता काय म्हणालो, ते तिचं तिलाच नवं होतं. पाटी वाचील आणि ठेवील… तिनेही तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, दिवे लागायच्या आधी, ती टाकीपाशी जाऊन उभी राहिली. आत अंधुक निळसर होतं. डोळे सरावले तसं दिसू लागलं. बाईंच्या प्रवाळाच्या कडेने बारीक दोरे बाहेर आले होते. शेवयांसारखे, पारदर्शक, टोकाला पांढरा ठिपका. धारेबरोबर ते हलत होते, नव्या तुकड्याच्या कडेवर टेकत होते, उठत होते, परत टेकत होते. जिथे टेकत होते तिथेच पांढरं होतं.

तुकडा आपला अंग चोरून बसला होता.

वल्लरीला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. अख्खं खडप ज्याच्या डोळ्यांदेखत भुगा झालं, त्याला आपण वाचवून इथे आणलं आणि आपल्याच हाताने मारणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसवलं. का, तर पाटीवर लिहिलं होतं म्हणून.

जातीचं जातीला डसत नाही. आणि हा तर डसत होता.

दिवे लागले. दोरे आत गेले. बाईंचा चाळकरी पुन्हा फुगून गोजिरवाणा झाला, जसं काही झालंच नाही.

सकाळच्या चहाला सगळे टाकीपुढच्या बाकावर जमत. बाई, मेस्त्री, वल्लरी, आणि नुकतीच शिकायला आलेली दोघं-तिघं. बाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

“बाई, मला नाव पुसायचंय,” वल्लरी म्हणाली.

नव्या मुलांनी माना वर केल्या. मेस्त्रीने सुटकेचा श्वास टाकला. उशिरा का होईना, पोरीला शहाणपण सुचलं.

बाईंनी बशी खाली ठेवली. ओलं फडकं उचलून तिच्या हातात दिलं.

“पूस.”

वल्लरी उठली. काचेच्या पट्टीपाशी गेली. तिची पाटी डावीकडे होती, तिच्या ठळक अक्षरातली. ती त्या पाटीसमोरून पुढे गेली आणि मधल्या पाटीपुढे उभी राहिली.

“वल्लरी,” मेस्त्री म्हणाला. “तां नको करू.”

“मेस्त्री, बसा तुम्ही.”

“बाईंच्या पाटयेक हात लाव नको हां. सांगान ठेवतंय.”

तिने बाईंकडे वळून पाहिलं. मान ताठ होती.

“याचं नाव मी भिंग लावून वाचलं,” ती नव्या तुकड्याकडे बोट करून म्हणाली. “तुटलेली कड बघितली, भिंत बघितली. तुमच्याचं मी पाटीवरून वाचलं. मी दोघांनाही तितकंच खरं धरलं, ती माझी चूक. दोघं एका जातीचे असते तर डसले नसते, असं तुम्हीच म्हणता. आज पहाटे मी डसताना बघितलं. माझं चुकलेलं नाही, बाई. मग चुकलंय ते उरलं एकच.”

बाईंनी नजर पाटीकडे वळवली.

“वीस वर्षं आहे ती पाटी,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता.

“हो.”

“माझ्या हातची.”

“माहीत आहे.”

“आणि मी पुसू नको म्हटलं तर?”

“तरी पुसणार.”

“मी इथून जा म्हटलं तर?”

वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला कुठेही जायचं नव्हतं. या बाईंच्या हाताखाली शिकायला मिळावं म्हणून तिने पुण्याची बरी नोकरी सोडली होती. घरच्यांशी अबोला धरला होता. इथून गेली तर परत जायला तिला दारच नव्हतं.

“जाईन,” ती म्हणाली. “पुसून जाईन.”

आणि तिने पुसलं.

खडू बरीच वर्षं गिरवलेला, घट्ट बसलेला. एका हाताने जाईना. तिने चौकट धरली आणि घासलं. पांढरं पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं. पाटी काळी झाली.

“कशावरून?” बाई म्हणाल्या.

“काय?”

“पुसलंस. आता दाखव. कशावरून?”

हा प्रश्न तिला अपेक्षित होता, पण उत्तर एकच होतं आणि ते पाटीपेक्षाही अवघड होतं. तिने पंप बंद केला. पाणी संथ झालं. तिने बाही वर सारली, कोपरापर्यंत हात आत घातला, आणि बाईंच्या प्रवाळावर बोट ठेवलं.

मेस्त्री उठून उभा राहिला.

तिने दाबलं. हलकेच, पण दाबलं. एकदा, मग बाजूला, मग आणखी बाजूला.

फुगलेलं मांस आक्रसलं. उशीतली हवा जावी तसं बसत गेलं. ताटाएवढा तो गुबगुबीत गोळा क्षणात रोडावला आणि कातडीखालची चुन्याची घरं वर आली. एकेका घराला स्वतंत्र भिंत होती. आणि भिंती-भिंतींच्या मध्ये, सगळीकडे, बारीक, स्पष्ट, काळसर बोळ होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. इतकी वर्षं ती झाकलेलीच होती.

“माझा चष्मा,” बाई म्हणाल्या.

“कपाळावर आसा,” मेस्त्री पुटपुटला.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. गुडघ्यावर हात टेकत उठल्या, काचेला नाक लागेपर्यंत जवळ गेल्या. श्वासाने काच धुरकट झाली. पदराने पुसली. पुन्हा बघितलं.

“बोळ,” त्या म्हणाल्या.

त्यांनी काचेवर बोट टेकलं. “बोळ आहे की गं.”

वल्लरीने हात बाहेर काढला. पाणी जमिनीवर ठिबकत राहिलं.

“मी याला कधी दुखावलं नाही,” बाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

“नाही ना,” वल्लरी म्हणाली. “म्हणून दिसलं नाही.”

असं बोलायला नको होतं. तिला ते बोलताक्षणीच कळलं. पण तिने शब्द मागे घेतला नाही, आणि बाईंनीही तो चुकवला नाही. त्यांनी नुसती मान हलवली, हळूहळू, आजारपणाचं नाव डॉक्टरने सांगितल्यावर म्हातारी माणसं हलवतात तशी.

मग त्या बाजूला सरल्या. टाकीपुढची आपली नेहमीची जागा त्यांनी मोकळी केली.

“जागा बदल त्या तुकड्याची,” त्या म्हणाल्या. “नाहीतर मरेल तो.”

वल्लरीने तुकडा उचलला. पांढरी कड वाढली होती, पण अजून अर्धंअधिक अंग हिरवं होतं. तिने घाई केली नाही. मेस्त्रीला पंप लावायला सांगितला. त्याने लावला. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, ते तिने बराच वेळ बघितलं. बाईंच्या प्रवाळाचे दोरे धारेबरोबर जिथवर पोचू शकतील त्याच्या पलीकडे, दोन विती दूर, धारेच्या आडव्या अंगाला, अर्ध्या उजेडात एक सपाट खडक होता. तिथे तिने तो ठेवला. आजूबाजूला कुणी नव्हतं.

“याची पाटी?” नव्या मुलांपैकी एकाने विचारलं.

“आहे तीच,” वल्लरी म्हणाली.

बाईंनी खडूचा तुकडा तिच्यापुढे धरला. मधली पाटी अजून ओली होती, कोरी.

“लिही. पुसलंस तर लिहायलाही हवं.”

“नाही,” वल्लरी म्हणाली.

“आता काय?”

“तुमचा आहे तो. तुम्ही मांडीवर आणलात. तुम्ही लिहा.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. रागाने की काय, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी पाटी खिळ्यावरून काढली, मांडीवर घेतली, पदराने कोरडी केली आणि लिहिलं. बंगलेवाला. अक्षर थोडं तिरकं गेलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. मेस्त्री पुढे झाला आणि पाटी खिळ्याला लावली. लावताना त्याने ती वाचली नाही.

टाकीत बाईंचा बंगलेवाला हळूहळू परत फुगत होता. बोळ एकेक करून बुजत गेले, आणि थोड्या वेळाने तो पहिल्यासारखाच दिसू लागला.

चहा गार झाला होता. वल्लरी आत जाऊन आपली पिशवी घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली.

“ही कुठे निघाली?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही जा म्हणालात तर जाईन, असं बोलले होते.”

“मी म्हटलं का?”

“नाही.”

“मग पिशवी ठेव, आणि कोळंबी चिरायला घे. उशीर झालाय.”

तिने पिशवी ठेवली. सुरी घेतली. बाईंच्या शेजारी ओट्यावर बसली. थोडा वेळ दोघी चिरत राहिल्या. मेस्त्री पाठमोरा उभा राहून पंपाचा एक स्क्रू पिळत होता. तो आधीच घट्ट होता.

वल्लरीच्याने राहवेना.

“बाई, वीस वर्षं इतके जण इथे शिकून गेले. कुणीच कसं बोट लावून बघितलं नाही?”

बाईंनी सुरीवरचं पाणी निपटलं… मेस्त्रीचा हात थांबला.

“सगळे फार गुणी होते गं,” बाई म्हणाल्या.